वितळलेला क्षार बॅटरीत कुठे पसरतो आणि कुठे थबकतो

थर्मल बॅटरी वीस वर्षे कपाटात पडून राहिली तरी तिच्यातील शक्ती जवळजवळ जशीच्या तशी राहते, कारण तिचा इलेक्ट्रोलाइट (आयन, म्हणजे विद्युतभारित कण, वाहून नेणारा पदार्थ) साध्या तापमानाला कोरडा, घट्ट क्षार असतो आणि घन अवस्थेत त्यातील आयन व्यवहारात जागचे हलत नाहीत. वापराच्या क्षणी बॅटरीच्या आत ठेवलेल्या, लोखंडाची भुकटी आणि पोटॅशियम परक्लोरेट यांच्या मिश्रणाच्या चकत्या पेटवल्या जातात, आतील तापमान झपाट्याने ५०० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचते, क्षार वितळतो आणि वीज वाहू लागते. हा सगळा प्रकार बहुतेक वेळा सेकंदभरात आटोपतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत गेओर्ग ओटो एर्ब यांनी या कल्पनेवर काम केले; पुढे क्षेपणास्त्रांसारख्या, एकदाच पण खात्रीने चालाव्या लागणाऱ्या उपकरणांत तिचा मोठा वापर झाला.

या वर्णनात 'क्षार वितळतो आणि वीज वाहू लागते' हे वाक्य फार सहज येते, पण त्या दोन घटनांच्या मध्ये आणखी एक घटना दडलेली आहे. वितळलेल्या क्षाराला इलेक्ट्रोडच्या (विद्युताग्राच्या) कणाकणापर्यंत पोहोचावे लागते, त्यांच्या पृष्ठभागाला नीट चिकटावे लागते आणि तरीही जिथे जायचे नाही तिथे न जाता थांबावे लागते. द्रव आणि घन यांच्या या संबंधाला आपण भिजवणे म्हणू. वितळलेल्या क्षारांवर चालणाऱ्या बॅटऱ्यांविषयी बोलताना व्होल्टेज, क्षमता आणि आयनांची वाहकता यांची चर्चा भरपूर होते; भिजवण्याची मात्र क्वचितच होते, आणि माझ्या मते अशा अनेक बॅटऱ्यांच्या रचनेत जे विचित्र वाटते त्याचे उत्तर तिथेच सापडते.

मुळापासून सुरुवात करू. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब गोल राहतो आणि स्वच्छ काचेवर तोच थेंब पसरतो. पाणी दोन्हीकडे तेच असते. बदलतो तो खालचा पृष्ठभाग. थेंबाची कड जिथे घन पृष्ठभागाला टेकते तिथे द्रवाच्या आतल्या बाजूने मोजलेल्या कोनाला स्पर्शकोन म्हणतात. तो ९० अंशांपेक्षा कमी असेल तर द्रव त्या पृष्ठभागाला भिजवतो, जास्त असेल तर भिजवत नाही आणि शून्याच्या जवळ असेल तर थेंब पातळ थर होऊन पसरतो. काचेवरचा पारा साधारण १४० अंशांचा कोन करतो, म्हणूनच त्याच्या गोळ्या होऊन घरंगळतात.

हा कोन कशावरून ठरतो, हे टॉमस यंग यांनी १८०५ मध्ये सांगितले. थेंबाच्या कडेवर तीन पृष्ठभाग एकमेकांना भेटतात: घन आणि वायू यांच्यामधला, घन आणि द्रव यांच्यामधला, आणि द्रव आणि वायू यांच्यामधला. प्रत्येक पृष्ठभाग तयार करण्यासाठी काही ऊर्जा खर्च होते आणि निसर्ग ही एकूण ऊर्जा कमीत कमी ठेवू पाहतो. घन पृष्ठभाग उघडा ठेवण्यापेक्षा द्रवाने झाकणे ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडत असेल, तर द्रव पसरतो. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर दोन ओढींची तुलना होते: द्रवाच्या कणांना एकमेकांविषयी असलेली ओढ आणि त्याच कणांना घन पृष्ठभागाविषयी असलेली ओढ. दुसरी ओढ पहिलीच्या बरोबर निम्मी असेल तेव्हा कोन ९० अंश येतो आणि ती पहिलीइतकी झाली की कोन शून्यावर येतो. भिजवणे हा एकट्या द्रवाचा गुण नसून ती द्रव, घन आणि भोवतालचा वायू अशा तिघांमधली गोष्ट आहे, आणि यातला तिसरा घटक लोक हटकून विसरतात.

आयनांचा द्रव वेगळा का वागतो

पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात आणि साध्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण (पृष्ठभाग आकसून घेण्याची ओढ) सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. वितळलेल्या क्षारात रेणू नसतातच; तिथे फक्त धनभारित आणि ऋणभारित आयन असतात आणि प्रत्येक आयन आपल्याभोवती विरुद्ध भाराचे शेजारी गोळा करून बसलेला असतो. हे आकर्षण जोरदार असल्यामुळे पृष्ठताणही पाण्यापेक्षा जास्त येतो. ८०१ अंशांना वितळणाऱ्या सोडियम क्लोराइडचा पृष्ठताण वितळताक्षणी ११५च्या आसपास असतो, पोटॅशियम क्लोराइडचा १००च्या आसपास, तर लिथियम फ्लोराइडचा २३०च्याही वर जातो. यामागचा नियम सरळ आहे. आयन जितके लहान तितके त्यांचे भार एकमेकांच्या जवळ येतात आणि ओढ वाढते. म्हणून लिथियमकडून सीझियमकडे जाताना किंवा फ्लोराइडकडून आयोडाइडकडे जाताना पृष्ठताण घटत जातो.

यावरून असे वाटेल की पृष्ठताण जास्त म्हणजे भिजवणे वाईट. काही पृष्ठभागांच्या बाबतीत ते खरेही आहे, पण सर्वच पृष्ठभागांच्या बाबतीत नाही. समोरचा पृष्ठभाग स्वतःच आयनांचा बनलेला असेल, उदाहरणार्थ मॅग्नेशियम ऑक्साइड किंवा ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड), तर वितळलेल्या क्षारातील आयनांना तिथे विरुद्ध भाराचे शेजारी आयतेच मिळतात आणि द्रव सोडून पृष्ठभागाला चिकटण्यात त्यांचा फारसा तोटा होत नाही. म्हणून ऑक्साइडांवर हे क्षार सहसा चांगले पसरतात. धातूंची तऱ्हा निराळी आहे. धातूत स्वतःचे असे उघडे भार नसतात, पण मुक्त इलेक्ट्रॉन असतात. जवळ आलेल्या धनभारित आयनाकडे ते सरकतात, ऋणभारित आयनापासून दूर होतात आणि अशा तऱ्हेने आकर्षण निर्माण होते. त्यामुळे स्वच्छ धातूही बऱ्यापैकी भिजतात, आणि धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असेल तर त्याहून अधिक.

ग्राफाइट मात्र हट्टी आहे. त्याच्या सपाट थरांवर ना भार असतो ना चटकन बंध जोडणारी जागा, त्यामुळे विशेषतः लहान आयन असलेले फ्लोराइड क्षार त्याच्यावर गोळा होऊन बसतात. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत १९६५ ते १९६९ या काळात चाललेल्या वितळलेल्या क्षाराच्या प्रायोगिक अणुभट्टीने याच हट्टीपणाचा उपयोग करून घेतला होता: ग्राफाइटचे ठोकळे थेट वितळलेल्या फ्लोराइडमध्ये उभे होते आणि त्यांची छिद्रे पुरेशी बारीक असल्यामुळे क्षार आत शिरू शकत नव्हता. तिथे जो गुण ठरला तोच बॅटरीत दोष ठरू शकतो, कारण इलेक्ट्रोडची विद्युतवाहकता वाढवण्यासाठी कार्बन मिसळायचा म्हटले की क्षार त्याला टाळू लागतो.

छिद्रांमधला जोर

सपाट पृष्ठभागावरचा थेंब समजून घेण्यासाठी ठीक आहे, पण बॅटरीत सपाट पृष्ठभाग फार कमी असतात. तिथे दाबून बसवलेली भुकटी असते आणि भुकटीच्या कणांमधून वेडीवाकडी, बारीक छिद्रे गेलेली असतात. अशा छिद्रात द्रव आपोआप ओढला जातो की बाहेर ढकलला जातो, हे पुन्हा स्पर्शकोनच ठरवतो. आणि किती जोराने, हे पृष्ठताण आणि छिद्राची त्रिज्या ठरवतात. पृष्ठताणाची दुप्पट करून तिला कोनाच्या कोसाइनने गुणायचे आणि त्रिज्येने भागायचे, की केशाकर्षणाचा दाब मिळतो.

आकडे घालून पाहू. थर्मल बॅटरीत फार वापरले जाणारे मिश्रण म्हणजे लिथियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. दोन्ही क्षार सुटे असताना अनुक्रमे ६०० आणि ७७० अंशांच्या आसपास वितळतात, पण ठरावीक प्रमाणात एकत्र केले की ३५० अंशांच्या जरासे वर वितळतात. त्या मिश्रणाचा पृष्ठताण सोयीसाठी १२० मिलिन्यूटन प्रति मीटर धरला, भिजवणे पूर्ण आहे असे मानले आणि छिद्राची त्रिज्या १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) घेतली, तर दाब २,४०,००० पास्कल येतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे अडीच पट. हा दाब त्या द्रवाचा पंधरा मीटरच्या आसपास उंचीचा स्तंभ तोलून धरू शकेल. इतक्या बारीक छिद्रांत गुरुत्वाकर्षणाला काही किंमतच राहत नाही. आणि कोन ९० अंशांच्या पलीकडे गेला, तर हाच दाब तितक्याच निष्ठुरपणे उलट्या दिशेने काम करतो: क्षाराला आत घालण्यासाठी बाहेरून तेवढा दाब द्यावा लागेल.

वेगाचा हिशेब १९१८ मध्ये लुकास यांनी आणि १९२१ मध्ये वॉशबर्न यांनी मांडला. द्रव जितका आत जातो तितका मागच्या वाटेतील घर्षणाचा अडथळा वाढतो, म्हणून आत शिरलेले अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. वितळलेले क्षार दिसायला जड वाटले तरी त्यांची श्यानता (वाहताना होणारा अंतर्गत विरोध) पाण्याच्या दोन-चार पटच असते. वरच्याच आकड्यांनी १ मिलिमीटर जाडीचा थर भरायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो असे उत्तर येते. प्रत्यक्ष चकतीतील वाटा वळणावळणाच्या असल्यामुळे जास्त वेळ लागेल, पण सेकंदभरात जागी होणारी बॅटरी अशक्य का नाही, हे यावरून कळते. याच्या तुलनेत नेहमीच्या लिथियम-आयन सेलमध्ये सेंद्रिय द्रव भरल्यावर तो दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ सेपरेटरात आणि इलेक्ट्रोडांत नीट मुरावा म्हणून कारखान्यात तासन्‌तास थांबावे लागते.

या सूत्रात एक मेख आहे. सरळ नळीसाठी ९० अंश ही सीमा बरोबर आहे, पण कणांच्या ढिगात ती बरोबर नाही. गोल कणांच्या मधली पोकळी कधी अरुंद, कधी रुंद होत जाते आणि रुंद होत जाणाऱ्या भागात द्रवाची कड अडून बसते. त्यामुळे दाबलेल्या भुकटीत द्रव आपोआप शिरायचा असेल तर कोन ९०च्या बराच खाली, साधारण ५० ते ६० अंशांच्या आत असावा लागतो. तक्त्यात ७५ अंश वाचून 'भिजते' असा शेरा मारणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

एका चकतीची गोष्ट

आता थर्मल बॅटरीतील सेपरेटर जवळून पाहू, कारण या विषयातील सगळी ओढाताण तिथे एकवटलेली आहे. नेहमीच्या बॅटरीत सेपरेटर म्हणजे द्रव शोषणारा पातळ पडदा; इथे तो क्षार आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांची बारीक भुकटी एकत्र करून दाबून बनवलेली चकती असतो. लिथियम-पोटॅशियम क्लोराइडच्या चकतीत वजनाने साधारण एक तृतीयांश ऑक्साइड असतो. क्षार वितळल्यावर चकतीचा मोठा भाग द्रव झालेला असतो, वर आणि खाली असलेल्या चकत्या तिच्यावर दाब देत असतात, आणि तरीही ती सहसा वाहून जात नाही. ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण क्षाराने पूर्ण भिजलेले असतात, त्यांच्यामधल्या बारीक फटींत केशाकर्षणाचा दाब प्रचंड असतो आणि तो द्रवाला जागच्या जागी धरून ठेवतो. चकती घट्ट लगद्यासारखी राहते.

ऑक्साइड कमी घातला तर फटी मोठ्या होतात, पकड सुटते, क्षार कडेने बाहेर येतो आणि शेजारच्या सेलला जाऊन मिळाला की आतल्या आत वीज वाहू लागते. ऑक्साइड जास्त घातला तर चकती भक्कम होते, पण आयनांना वाहायला जागा कमी उरते आणि अंतर्गत रोध वाढतो. वितळलेल्या क्षारांची सर्वांत मोठी मिरवण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांची वाहकता, जी लिथियम-आयन सेलमधील द्रवाच्या शंभरपटीहून अधिक असते. ती ऑक्साइड घालून थोडी गमवावीच लागते. ऑक्साइडचे कण बारीक असतील आणि त्यांचे पृष्ठफळ जास्त असेल तर कमी वजनात तेवढीच पकड मिळते, म्हणून एकाच रासायनिक सूत्राच्या दोन वेगवेगळ्या भुकट्या या कामात अगदी वेगळ्या ठरतात.

क्षार बदलला की हा तोल पुन्हा साधावा लागतो. जास्त प्रवाह हवा असेल तेव्हा पोटॅशियम काढून टाकून लिथियमचे फ्लोराइड, क्लोराइड आणि ब्रोमाइड यांचे मिश्रण वापरतात. ते ४४० अंशांच्या आसपास वितळते आणि त्यात धनभार वाहणारा आयन एकटा लिथियमच असल्यामुळे जोरदार प्रवाहातही मिश्रणाचे प्रमाण जागोजागी बिघडत नाही. मात्र त्याचा पृष्ठताण, घनता आणि ऑक्साइडशी असलेले नाते वेगळे असते, त्यामुळे आधीच्या क्षारासाठी बसवलेले ऑक्साइडचे प्रमाण जसेच्या तसे उचलून चालत नाही.

इलेक्ट्रोडांच्या चकत्यांतही थोडा इलेक्ट्रोलाइट आधीच मिसळलेला असतो. पायराइटच्या (लोखंडाच्या सल्फाइडच्या) कॅथोडमध्ये, म्हणजे बॅटरीच्या धन बाजूच्या इलेक्ट्रोडमध्ये, आणि लिथियम-सिलिकॉन मिश्रधातूच्या ॲनोडमध्ये, म्हणजे ऋण बाजूच्या इलेक्ट्रोडमध्ये, तो वजनाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका असू शकतो. वरवर पाहता ही जागेची उधळपट्टी वाटते, कारण तेवढ्या जागेत ऊर्जा देणारा पदार्थ मावला असता. पण क्षाराला बाहेरून आत शिरायला लावले तर वेळ जातो, वाटेत कोरडे कोपरे राहतात आणि कोरड्या कणाचा रासायनिक क्रियेला काहीच उपयोग नसतो. क्षार आधीपासूनच प्रत्येक कणाच्या शेजारी ठेवला, की वितळल्यावर त्याला मायक्रॉनभरच सरकायचे असते. कोरडे लिथियम-सिलिकॉन स्वतःहून चांगले दाबलेही जात नाही. क्षार तिथे बांधणीचेही काम करतो.

लिथियम क्लोराइड हवेतील ओल फार पटकन शोषतो, हे या सगळ्यावर टांगलेले संकट आहे. ओला क्षार तापवला की पाण्याचा काही भाग निघून जातो, पण काही भाग क्षाराशीच क्रिया करतो, हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो आणि मागे हायड्रॉक्साइड व ऑक्साइड राहतात. ही अशुद्धी द्रवाच्या पृष्ठभागावर आणि घनाच्या सीमेवर जमू शकते, आणि सीमेवरची ऊर्जा बदलायला फार थोडे द्रव्य पुरते. म्हणून या चकत्या अत्यंत कोरड्या हवेच्या खोल्यांत बनवल्या जातात. एरवी ज्यांना स्वच्छतेचा अतिरेक वाटतो अशा अनेक अटींमागे हेच कारण असते.

जिथे दोन द्रव एकाच पृष्ठभागासाठी झगडतात

उच्च तापमानाच्या काही बॅटऱ्यांत क्षार हा एकटाच द्रव नसतो. सोडियम-सल्फर बॅटरी ३०० ते ३५० अंशांवर चालते. तिच्या एका बाजूला वितळलेले सोडियम, दुसऱ्या बाजूला वितळलेले गंधक आणि मध्ये बीटा-ॲल्युमिनाची घन भिंत असते. बॅटरीतून वीज घेताना सोडियम आयन भिंतीतून पलीकडे जातात आणि गंधकाशी मिळून सोडियम पॉलिसल्फाइड तयार होते. हे पॉलिसल्फाइड म्हणजे वितळलेला क्षारच. गंधक वीज वाहत नसल्यामुळे त्या कप्प्यात कार्बनच्या तंतूंचा नमदा भरलेला असतो आणि इलेक्ट्रॉन त्याच्यातून ये-जा करतात.

अडचण अशी की गंधक कार्बनला छान भिजवते, तर पॉलिसल्फाइड ऑक्साइडांना अधिक पसंत करते. चार्ज करताना पॉलिसल्फाइडमधून सोडियम निघून जातो आणि भिंतीलगत गंधक तयार होऊ लागते. ते कार्बनच्या तंतूंवर पसरून त्यांना वेढते, वीज न वाहणारा थर बनतो आणि पुढचे चार्जिंग अडते, जरी थोड्याच अंतरावर पॉलिसल्फाइड भरपूर शिल्लक असले तरी. यावरचा उपाय मला या संपूर्ण विषयातील सर्वांत देखणा वाटतो. कार्बनच्या नमद्यात ॲल्युमिनाचे किंवा काचेचे तंतू मिसळले जातात. त्यांची वीज वाहण्याची लायकी शून्य, पण पॉलिसल्फाइड त्यांना भिजवते आणि त्यांच्या आधाराने भिंतीपर्यंत सरकत येते, तर गंधक कार्बनच्या वाटेने दूर जाते. दोन द्रवांसाठी दोन वेगळे रस्ते आखून दिले जातात, तेही कोणताही पंप न लावता.

सोडियम-निकेल क्लोराइड बॅटरीत हा पेच बराच सौम्य आहे. हिचा उगम दक्षिण आफ्रिकेत झाला आणि ती झेब्रा या नावाने ओळखली जाते. तिच्या कॅथोडमध्ये निकेल आणि मिठाचे घन दाणे असतात आणि त्यांच्यामधल्या जागेत सोडियम टेट्राक्लोरोॲल्युमिनेट हा सुमारे १५७ अंशांना वितळणारा क्षार भरलेला असतो. तो दाण्यांना चांगला भिजवतो, तरी दाण्यांच्या आत हवा अडकून राहू नये म्हणून निर्वातात भरला जातो. या बॅटरीची डोकेदुखी दुसऱ्या बाजूला आहे: वितळलेले सोडियम कमी तापमानाला सिरॅमिकच्या भिंतीवर नीट पसरत नाही, विशेषतः भिंतीवर ओलीचा अंश असेल तर. म्हणून भिंतीवर शिसे किंवा कार्बन यांसारख्या पदार्थाचा पातळ लेप देतात, आणि भिंतीलगत धातूचे पातळ पत्रे अगदी थोडी फट ठेवून बसवतात, म्हणजे सोडियमची पातळी खाली गेली तरी ते केशाकर्षणाने वर चढत राहते.

वितळलेल्या कार्बोनेटवर चालणारे इंधन सेल काटेकोरपणे बॅटरी नव्हेत, पण त्यांच्याकडून एक धडा उसना घेण्यासारखा आहे. ते ६५० अंशांवर चालतात आणि त्यांचे इलेक्ट्रोड पूर्ण भरूनही चालत नाहीत, पूर्ण कोरडे ठेवूनही चालत नाहीत, कारण क्रिया होण्यासाठी वायू, द्रव आणि घन एकत्र यावे लागतात. मधल्या लिथियम ॲल्युमिनेटच्या थराची छिद्रे सर्वांत बारीक ठेवलेली असतात, म्हणून तो थर नेहमी आधी भरतो आणि भरलेलाच राहतो. मोठ्या छिद्रांच्या इलेक्ट्रोडांना उरलेला द्रव मिळतो. त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. कॅथोडमधील निकेल ऑक्साइड कार्बोनेटने जवळजवळ पूर्ण भिजतो, तर हायड्रोजनच्या सान्निध्यात असलेला ॲनोडचा निकेल तितका भिजत नाही. मूलद्रव्य तेच, भोवतालचा वायू वेगळा.

वीज लावली की कोन बदलतो

आतापर्यंत स्पर्शकोन जणू ठरलेला आकडा आहे असे बोललो, पण इलेक्ट्रोडवर व्होल्टेज असते आणि व्होल्टेजने कोन बदलतो. गाब्रिएल लिपमन यांनी १८७५ मध्ये पाऱ्यावर हे दाखवले. पृष्ठभागावर भार साठला की द्रवातील विरुद्ध आयन त्याच्याजवळ दाटीने जमतात, सीमेवरची ऊर्जा घटते आणि द्रव अधिक पसरतो. त्यामुळे भट्टीत नुसत्या ठेवलेल्या ग्राफाइटच्या तुकड्यावर मोजलेला कोन आणि चालू सेलमधल्या ग्राफाइटवरचा कोन एकच असेल असे धरून चालणे धोक्याचे आहे.

याचे सर्वांत जुने आणि महागडे उदाहरण बॅटरीबाहेरचे आहे. १८८६ पासून ज्ञात असलेल्या पद्धतीने ॲल्युमिनियम काढताना वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये (सोडियम आणि ॲल्युमिनियमच्या फ्लोराइड क्षारात) ॲल्युमिना विरघळवतात आणि कार्बनच्या ॲनोडमधून वीज सोडतात. ॲल्युमिना पुरेसा असेपर्यंत द्रव कार्बनला भिजवतो आणि वायूचे बुडबुडे सुटून वर जातात. ॲल्युमिना साधारण २ टक्क्यांच्या खाली गेला की भिजवणे बिघडते, त्याच वेळी फ्लोरीनयुक्त वायू तयार होऊ लागतात, बुडबुडे सुटण्याऐवजी एकत्र होऊन ॲनोडखाली पडदा धरतात आणि व्होल्टेज ४-५ व्होल्टवरून एकदम कित्येक पटींनी उसळते. केवळ भिजवणे बिघडल्याने हे होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्याचा वाटा मोठा आहे.

तापमानाविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. जास्त तापवले की क्षार चांगला भिजवतो, असा अनुभव असतो आणि त्याचे श्रेय पृष्ठताण कमी होण्याला दिले जाते. प्रत्यक्षात सोडियम क्लोराइडसारख्या क्षाराचा पृष्ठताण १०० अंश वाढवल्यावर सातेक मिलिन्यूटन प्रति मीटर इतकाच, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास, घटतो. फरक पडतो तो बहुधा श्यानता झपाट्याने घटल्यामुळे, पृष्ठभागावर अडकलेली ओल आणि वायू निघून गेल्यामुळे आणि क्षार घनाशी थोडीफार रासायनिक क्रिया करू लागल्यामुळे. शेवटचे कारण दुधारी आहे, कारण जो क्षार पृष्ठभाग किंचित विरघळवून चांगला पसरतो तो पुढे त्याच पृष्ठभागाला गंजवतही राहतो.

कोन मोजायचा कसा

पद्धत ऐकायला सोपी आहे. घासून गुळगुळीत केलेल्या तुकड्यावर क्षाराची छोटी गोळी ठेवायची, भट्टीत आर्गॉन वायू सोडायचा, हळूहळू तापवायचे आणि खिडकीतून बाजूने छायाचित्र घेऊन थेंबाच्या कडेचा कोन मोजायचा. अडचणी तिथूनच सुरू होतात. क्षाराची वाफ खिडकीच्या थंड काचेवर जमून चित्र धूसर करते. पृष्ठभाग खडबडीत असेल तर, १९३६ मध्ये वेंझेल यांनी दाखवल्याप्रमाणे, भिजणारा पृष्ठभाग अधिक भिजतो आणि न भिजणारा आणखी टाळाटाळ करतो, त्यामुळे आकडा पदार्थाचा की घासण्याच्या पद्धतीचा, हे सांगता येत नाही. पसरत जाणाऱ्या कडेचा कोन आणि मागे हटणाऱ्या कडेचा कोन यांत बराच फरक असतो. तुकडा सच्छिद्र असेल तर थेंब खाली मुरू लागतो आणि कोन मिनिटामिनिटाला घटत जातो. अशा वेळी नोंदलेला आकडा भिजवण्यापेक्षा शोषणाविषयीच अधिक सांगतो. काही क्षार तर भांड्याच्या भिंतीवरून पातळ थराच्या रूपाने वर चढून कडेबाहेर येतात.

म्हणून थर्मल बॅटरीवर काम करणारे अभियंते स्पर्शकोनाच्या तक्त्यावर पूर्ण भिस्त ठेवत नाहीत. ते सेपरेटरची चकती दोन तप्त पत्र्यांमध्ये ठेवतात, बॅटरीत असेल तेवढा दाब देतात, क्षार वितळल्यावर चकतीची जाडी किती टक्क्यांनी घटली ते पाहतात आणि थंड झाल्यावर कडेने बाहेर आलेल्या क्षाराचे वजन करतात. जाडी फार घटली किंवा क्षार बाहेर आला तर ऑक्साइडचे प्रमाण वाढवून किंवा अधिक बारीक भुकटी घेऊन पुन्हा चकती दाबतात. काहीच हलले नाही तर ऑक्साइड थोडा कमी करून अंतर्गत रोध किती उतरला ते मोजतात.